दुखणे घशाचे, भोगणे हृदयाचे

जूनमध्ये शाळा उघडतात, पाठोपाठ बेळगावचा पाऊस लागतो आणि आषाढ सरता सरता आपल्या दवाखान्यांतील बाकांवर गणवेशातील मुले दिसू लागतात. कुणाला ताप, कुणाला सर्दी, कुणाचा घसा इतका दुखरा की थुंकी गिळवत नाही. आपण जीभ दाबतो, बॅटरीच्या उजेडात घशात डोकावतो, चार ओळी लिहितो आणि पुढच्या रुग्णाला बोलावतो. या सगळ्याला फार तर तीन मिनिटे लागतात. वैद्यक व्यवसायात याहून क्षुल्लक काम दुसरे नसेल, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महाग पडू शकते, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने व्यवसायबंधूंपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडावे, असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी एका तरुण स्त्रीला तिच्या आईने माझ्याकडे आणले. वय तेवीस, पहिले बाळंतपण, सहावा महिना. रात्री आडवे पडता येईना, दम लागे, खोकल्यातून तांबूस फेस येई. हृदयावर नळी ठेवताच निदान कानात शिरले. इकोत द्विदल झडपेचे तोंड एक चौरस सेंटिमीटरहूनही आक्रसलेले निघाले. निरोगी माणसात ते चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. गरोदरपणी शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते. ते एवढ्याशा फटीतून जाणार कसे? ते मागे फुप्फुसांत तुंबले होते. पुढे मोठ्या रुग्णालयात, पोटावर शिशाचे आवरण घालून, फुग्याने ती झडप रुंद करण्यात आली. माय-लेकरू वाचले.

पण ही कथा त्यासाठी सांगितलेली नाही. तिच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीत मुलीचे लहानपणापासूनचे सगळे कागद जपून ठेवले होते. त्यांतील एक पिवळा पडलेला कागद तिने माझ्यासमोर ठेवला आणि कसलाही आरोप न करता, अगदी सहज म्हणाली, "डॉक्टर, हा तुमचाच कागद हाय की हो." अक्षर माझेच होते. अकरा वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, बारा वर्षांच्या मुलीसाठी मी लिहिले होते: ताप, घसा लाल, गळ्यात गाठी, तीन दिवसांच्या गोळ्या. त्याच कागदाच्या मागील बाजूस, तीन आठवड्यांनंतरच्या तारखेने: उजवा गुडघा दुखतो, नंतर डावा; वाढीच्या वयातील दुखणे; वेदनाशामक गोळी. पुढे कोरा कागद.

निदानाच्या सगळ्या खुणा त्या एका कागदाच्या दोन बाजूंवर होत्या. मी मात्र तो कागद उलटून पाहिला नव्हता.

आजाराची ओळख

डॉक्टर वाचकांना हे परिचित आहे. समाजबांधवांसाठी थोडक्यात सांगतो. मुलांच्या घसादुखीची कारणे बहुतांशी विषाणूजन्य असतात आणि ती आपोआप बरी होतात. साधारणपणे दर चार-पाच दुखऱ्या घशांपैकी एकात 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू कारणीभूत असतो. पाच ते पंधरा हे त्याचे आवडते वय आणि गर्दी हे त्याचे वाहन. एका बाकावर चौघे, एका खोलीत सात जण, अशा ठिकाणी तो शिंक-खोकल्यातून घशाघशांत फिरतो. घसा तर चार-पाच दिवसांत औषधाविनाही बरा होतो, आणि फसगत होते ती इथेच. काही मुलांमध्ये, जंतूशी लढण्यासाठी शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर, मेंदूवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटतात. जंतूची आणि आपल्या पेशींची काही प्रथिने एकमेकांसारखी असल्याने हा घोटाळा होतो. यालाच आपण रुमॅटिक फीव्हर किंवा संधिज्वर म्हणतो. सांध्यांत हा आजार पाहुण्यासारखा येतो आणि निघून जातो. हृदयात मात्र तो बिऱ्हाड करतो. प्रत्येक नव्या संसर्गासरशी झडप अधिक जाड, अधिक आखूड होत जाते आणि दहा-पंधरा वर्षांनी, ऐन कर्त्या वयात, त्याचे बिल समोर येते.

घशाच्या वेळीच पेनिसिलिन दिले, तर हा पुढचा सारा प्रवास बहुधा टळतो, हे १९५० च्या सुमारास अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील फोर्ट वॉरन या लष्करी तळावर सिद्ध झाले. तेथील साथीत उपचार न झालेल्या सैनिकांपैकी सुमारे ३ टक्क्यांना संधिज्वर झाला. पेनिसिलिन मिळालेल्यांत हे प्रमाण जवळजवळ एक-दशांशावर आले. घसा दुखू लागल्यावर नवव्या दिवशी उपचार सुरू केला तरी त्याचा उपयोग होतो, हेही तेथेच कळले. साथ नसताना, आपल्या नेहमीच्या बाह्यरुग्णांत हा धोका एक टक्क्याहून बराच कमी असतो. पण घसे लाखांनी मोजायचे असतील, तर एक टक्क्याचा अंशही फार मोठा होतो.

'उष्ण देशांत हा आजार नसतो'

आपल्या देशात या रोगाची पहिली लढाई त्याचे अस्तित्व मान्य करून घेण्याची होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बऱ्याच युरोपीय वैद्यांची अशी ठाम धारणा होती, की संधिज्वर हा थंड, दमट देशांचा रोग असून उष्ण कटिबंधात तो जवळपास आढळतच नाही. भारतीय रुग्णालयांतील डॉक्टरांनी आपापले रुग्ण मोजून ही धारणा खोडून काढली. त्यात दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांचे कार्य मोलाचे आहे. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी त्या निवर्तल्या. तोवर त्यांनी या रोगाच्या अभ्यासात कित्येक पिढ्या घडवल्या होत्या. १९६३ साली डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात भारतातील किशोरवयीन मुलांच्या आक्रसलेल्या द्विदल झडपेविषयी लिहिले. पाश्चात्त्य ग्रंथांप्रमाणे जी अवस्था यायला दोन-तीन दशके लागावीत, ती आपल्याकडे विशीच्या आतच दिसत होती. उष्ण देशांत हा रोग नसतो असे नव्हे, तर तो येथे अधिक घाईने आणि अधिक क्रूरपणे येतो, असे त्या निष्कर्षाचे सार होते.

हवामानाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही; संबंध आहे तो दाटीवाटीचा आणि दारिद्र्याचा. युरोप-अमेरिकेतही पेनिसिलिन येण्यापूर्वीच, घरे मोठी होऊ लागली तसा हा रोग ओसरू लागला होता. आपल्या शहरातील वडगाव, खासबाग, शहापूर भागांतील विणकरांची घरे ज्यांनी आतून पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्या खोलीत माग, त्याच खोलीत चूल आणि त्याच खोलीत सारे अंथरूण. एकाचा घसा तो घराचा घसा.

आता कुणी म्हणेल, हे जुने झाले. हल्ली असे रुग्ण कुठे दिसतात? मोठ्या शहरांतील सुस्थित वस्त्यांत ते खरेच कमी झाले आहेत, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण दिसणे हे कशाने पाहतो यावरही अवलंबून असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, हरियाणातील बल्लभगढ परिसरातील सहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांच्या पाहणीत, केवळ नळीने तपासून हृदयविकार सापडला तो हजारी एकाहूनही कमी मुलांत. इकोने तपासल्यावर हजारी सुमारे २० मुलांच्या झडपांवर रोगाच्या खुणा आढळल्या. त्याआधी २००७ साली कंबोडिया आणि मोझांबिक येथील शाळांतही असेच दिसले होते: नळीने हजारी दोन, इकोने अनुक्रमे हजारी २१ आणि ३०. एका जागतिक अंदाजानुसार २०१५ साली जगात ३ कोटी ३४ लाख लोकांना हा हृदयरोग होता आणि त्या वर्षी त्याने ३ लाख १९ हजार माणसे दगावली. त्यांपैकी १ लाख १९ हजारांच्या आसपास मृत्यू एकट्या भारतातील होते. मे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने या रोगाविरुद्ध ठराव केला, तो उगाच नव्हे.

आपल्या दोन चुका

माझ्या मते आपण, म्हणजे खासगी व्यवसाय करणारे डॉक्टर, घशाच्या बाबतीत एकाच वेळी दोन परस्परविरोधी चुका करतो. ज्यांना प्रतिजैविकांची मुळीच गरज नाही, त्यांना ती देतो. आणि ज्यांना गरज आहे, त्यांना ती अर्धवट देतो. पहिल्या चुकीची चर्चा हल्ली सर्वत्र होते. दुसरीविषयी मात्र कुणी बोलत नाही.

नाक वाहते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे, डोळे लाल आहेत, तर तो घसा विषाणूचा. त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तापाची गोळी आणि आईला धीर, एवढे पुरे. तरीही आपण प्रतिजैविक लिहितो. कारण आई दोन दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल ही धास्ती आपल्याला असते, आणि फी घेऊन केवळ गुळण्या सांगायला संकोच वाटतो. उलट, खोकला नाही, ताप आहे, टॉन्सिल सुजलेले किंवा पांढरे ठिपके पडलेले आहेत, जबड्याखालील गाठी हात लावताच दुखतात आणि मूल शाळकरी वयाचे आहे, तर तो घसा संशयित मानलाच पाहिजे. घशातील स्राव तपासण्याची सोय असेल तर उत्तम. तत्काळ तपासणीची पट्टीही शंभरांपैकी सुमारे ८५ संसर्ग पकडते. सोय नसेल तर या चार-पाच लक्षणांवर निर्णय घ्यावा. हे निकष अचूक नाहीत, हे मला ठाऊक आहे. काही मुलांना विनाकारण औषध जाईल, काही सुटतील. पण आज आपण जे करतो आहोत, म्हणजे सर्वांना थोडे थोडे, त्याहून हे निश्चितच शहाणपणाचे आहे.

आणि एकदा औषध द्यायचे ठरले, की ते पुरेसे द्यावे. 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसने आजवर पेनिसिलिनला दाद न देण्याचे सामर्थ्य मिळवलेले नाही. ऐंशी वर्षे वापरूनही जे औषध बोथट झाले नाही, असे दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन तोंडाने दिले तर पूर्ण दहा दिवस. अन्यथा बेंझाथीन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन, सत्तावीस किलोपर्यंतच्या मुलास ६ लाख युनिट, त्याहून मोठ्यास १२ लाख. हे आपण सर्वांनी परीक्षेत लिहिलेले आहे. व्यवहारात मात्र तीन दिवसांच्या ॲझिथ्रोमायसिनची चिठ्ठी हा आपला परिपाठ झाला आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी नसलेल्या मुलाला ते द्यायचे काहीच कारण नाही. त्या गटाच्या औषधांना हा जंतू अनेक ठिकाणी दाद देत नाही, आणि ज्यांना ते द्यावे लागते त्यांनाही पाच दिवसांची मात्रा सांगितलेली आहे. त्यातही ताप उतरला की तिसरी गोळी धाकट्या भावासाठी ठेवून दिली जाते. दहा दिवस का, हे सांगायला आपल्याला एक मिनिट लागते. ते मिनिट आपण देत नाही, आणि दोष मात्र पालकांना देतो.

तिसरी एक खोड येथे नोंदवणे भाग आहे. रक्तातील एएसओची पातळी वाढलेली दिसली, की मुलाला संधिज्वराचा शिक्का मारून वर्षानुवर्षे इंजेक्शने देण्याची पद्धत पडली आहे. एएसओ एवढेच सांगते, की या मुलाच्या शरीराची कधीतरी स्ट्रेप्टोकॉकसशी गाठ पडली होती. आपल्या गर्दीत वाढणाऱ्या धडधाकट मुलांतही ती प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेल्या २०० च्या मर्यादेपुढे सहज जाते. निदान जोन्सच्या निकषांनी करायचे असते. २०१५ साली ते निकष सुधारताना, आपल्यासारख्या जोखमीच्या समाजांसाठी ते सैल करण्यात आले आहेत: एकाच सांध्याची सूज किंवा अनेक सांध्यांचे नुसते दुखणेही आता प्रमुख लक्षण मानले जाते आणि प्रत्येक संशयिताचा इको करावा असे सांगितले आहे. माझ्या कागदाच्या मागील बाजूवरचे ते फिरते गुडघे आजच्या निकषांत सुटले नसते.

इंजेक्शनचे भय

बेंझाथीनचे इंजेक्शन दवाखान्यांतून जवळजवळ हद्दपार का झाले, याचा प्रामाणिक विचार व्हायला हवा. भुकटीत पाणी घालून केलेले ते दुधासारखे द्रावण सुईत अडकते, मुलाला खूप दुखते, आणि पेनिसिलिनची प्राणघातक प्रतिक्रिया आली तर काय, ही टांगती तलवार असते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिल्यानंतर तर एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने हे इंजेक्शन हातीच घेऊ नये, असा अलिखित नियम झाला. या भीतीची टिंगल करण्याचा अधिकार मला नाही. मीही ती बाळगली आहे.

पण भीतीलाही आकडे असतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांचा हिशेब मांडला गेला. त्यांत तीव्र प्रतिक्रिया चार रुग्णांना आली आणि एक मृत्यू झाला. म्हणजे दहा हजार इंजेक्शनांमागे एक-सव्वा तीव्र प्रतिक्रिया. शिवाय, आधीच झडपा फार बिघडलेल्या रुग्णांना इंजेक्शननंतर आलेली मूर्च्छा ही अनेकदा ॲलर्जी नसून दुबळ्या हृदयाला वेदना आणि भीती न सोसल्याने येते, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली स्पष्ट केले. अशांना गोळ्या देणे अधिक सुरक्षित. तेव्हा नीट पूर्वेतिहास विचारणे, मुलाला आडवे झोपवून, पोटात काही असताना, सावकाश इंजेक्शन देणे, अर्धा तास थांबवून ठेवणे आणि ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवणे, एवढी शिस्त पाळली तर हे औषध वापरण्याजोगे आहे.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो मला मान्यही आहे. संधिज्वर झालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांना आपला घसा कधी दुखला होता हेच आठवत नाही. उष्ण प्रदेशांत त्वचेवरील स्ट्रेप्टोकॉकसच्या फोडांचाही यात हात असावा, असा तर्क काही तज्ज्ञ करतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे शाळांतच घसे तपासण्याचा मोठा प्रयोग झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा घट दिसली, पण ती निर्विवाद म्हणता येईल इतकी ठोस नव्हती. मग केवळ घशामागे धावून काय होणार?

उत्तर असे, की घशाला एकटे लढायला लावू नये. क्यूबातील पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ या दहा वर्षांत लोकशिक्षण, डॉक्टरांचे प्रशिक्षण, घशाचा वेळीच उपचार, रुग्णांची नोंदवही आणि नियमित इंजेक्शने असे सारे एकत्र राबवले गेले. शाळकरी मुलांतील या हृदयरोगाचे प्रमाण हजारी २.२७ वरून ०.२४ वर आले. कॅरिबियनमधील मार्टिनिक आणि ग्वादलूप या बेटांवर अशाच दहा वर्षांच्या कार्यक्रमाने संधिज्वराचे नवे रुग्ण सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. हे धनाढ्य देश नव्हेत. उष्ण, दमट, ऊस पिकवणारे प्रदेश आहेत. आपल्या जिल्ह्याशी त्यांचे साम्य कुणाच्याही लक्षात यावे.

ज्याच्या झडपेवर पहिला ओरखडा उठलेला आहे, त्याला तर दर तीन आठवड्यांच्या इंजेक्शनाने वाचवता येते. युगांडातील ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केवळ इकोवर दिसणारा सुप्त आजार दोन वर्षांत बळावला तो इंजेक्शन मिळणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांत आणि न मिळणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांत. या रोगावर लस अजून हाती आलेली नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने स्वदेशी झडप तयार करून १९९० साली पहिल्यांदा बसवली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण कृत्रिम झडप बसवलेल्या मुलीला जन्मभर रक्त पातळ करणारे औषध आणि त्याच्या तपासण्या सोबत घेऊन जगावे लागते. इंजेक्शन टाळून झडप विकत घेणे, हा कोणत्याही हिशेबाने आतबट्ट्याचाच व्यवहार आहे.

सीमेवरचे मूल

आणि येथे आपल्या सीमाभागाचा एक खास प्रश्न उभा राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बेळगाव जिल्ह्यातील कारखान्यांवर येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत फडाजवळच्या कोप्यांत राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुले सोबत. अशा एखाद्या मुलाला गावाकडे संधिज्वराचे निदान झाले आणि दर एकविसाव्या दिवसाचे इंजेक्शन सुरू झाले, तर या पाच-सहा महिन्यांत ते कोण देणार? गावाकडच्या आरोग्य केंद्राचा कागद मराठीत, येथील केंद्राची नोंदवही कन्नडमध्ये. मुकादमाला तारखेचे महत्त्व ठाऊक नाही. आईने एक दिवस खाडा केला तर मजुरी बुडते. उलट दिशेनेही तेच. येथील मराठी कुटुंबाला सरकारी केंद्रातून मिळालेले कन्नड कार्ड कोल्हापुरात किंवा पुण्यात नव्याने कामाला गेल्यावर कुणाला वाचता येत नाही. जंतूला सीमा नाही. कार्डाला मात्र ती आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. शाळकरी मुलांत शोधायच्या तीस विकारांच्या त्याच्या यादीत या हृदयरोगाचा समावेश आहे. म्हणजे शासनाने दार उघडलेले आहे. त्यातून आत शिरणारे मूल पुढे कुठे जाते, याचा पाठपुरावा करणारी माणसे मात्र हवीत. आणि ती माणसे आपण होऊ शकतो, असे मला वाटते.

म्हणून आपल्या संघटनेपुढे चार साध्या सूचना मांडतो. पहिली, दरवर्षी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आपापल्या भागातील शाळांत, मराठी, कन्नड, उर्दू असा भेद न करता, शिक्षकांना एक तास द्यावा: कोणता घसा डॉक्टरला दाखवायचाच, आणि घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे दुखले, मूल दमू लागले किंवा हात-पाय वेडेवाकडे हलवू लागले तर काय समजायचे. दुसरी, प्रत्येक भागात सभासदांनी मिळून निदान एक दवाखाना असा ठरवावा, जेथे ठरलेल्या वारी, पूर्ण तयारीनिशी, बेंझाथीनचे इंजेक्शन मिळेलच. औषध बाजारात मधूनच मिळेनासे होते, त्यासाठी साठाही संघटनेने राखावा. तिसरी, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापलेले, पुढील इंजेक्शनाची तारीख ठळक दाखवणारे कार्ड आपण काढावे. ते फडावरही चालावे आणि आरोग्य केंद्रातही. चौथी सूचना आपल्यापुरतीच आहे: दुखऱ्या घशाच्या प्रत्येक मुलाच्या पालकाला "तीन आठवड्यांत सांधे दुखले तर परत या" एवढे एक वाक्य सांगायचेच, आणि ते परत आले तर कागद उलटून पाहायचा.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती चिकाटी, आणि तीही वर्षानुवर्षे. कारण येथे मिळणारे यश दिसत नसते. ज्या मुलीची झडप शाबूत राहिली, ती कधीच आपल्याकडे आभार मानायला येणार नाही. ती बाळंत होईल, माग चालवील, नातवंडे खेळवील, आणि एका पावसाळ्यात कुणी आपल्याला दहा दिवस औषध घ्यायला भाग पाडले होते, हे तिला आठवणारही नाही.

तो पिवळा कागद मी त्या आईकडून मागून घेतला. तो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, मागची बाजू वर करून. जुलै महिन्यात बाकांवर गणवेश दिसू लागले, की माझी नजर त्यावर जाते, आणि समोरच्या मुलाला मी तीन मिनिटांऐवजी पाच मिनिटे देतो.